माठ फुटला नव्हता, आत्या

आत्या, परवा तुझा तेरावा झाला. आज गुरुवार, बाजाराचा दिवस. मी नुकतीच बाजारतळावरून घरी आले आहे. हातपाय धुतले नाहीत, तशीच वही घेऊन बसले आहे. मला पत्रकं लिहिता येतात, दुसरं काही येत नाही, हे तुला माहीत आहे. मागणी, मुदत, इशारा. एक पान, तीन परिच्छेद, खाली बायकांच्या सह्या. तुला लिहायचं तर मागायला काही नाही आणि मुदत तर संपलीच.

सगळे विचारतात, वैशाली रडली का. नाही रडले. दहाव्याला नदीवर नाही, तेराव्याला पंगतीत वाढतानाही नाही. आई म्हणते, पोरीला धक्का बसलाय. मला तसं काही वाटत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल दगडासारखा होतो, चावला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालंय. भूक लागली की जेवते. कुणी काम सांगितलं की करते. तेराव्याच्या दिवशी चार वेळा झाडू मारला.

आधी तुझ्या गार साराबद्दल लिहिते. ते सोपं आहे.

मूळ कल्पना माझी होती. हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. पुण्याला हॉस्टेलवर होते तेव्हा फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. कुठल्या तरी परदेशातली बाई कच्चे टोमॅटो, काकडी, लसूण आणि शिळा पाव एकत्र वाटून, गार करून पीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आले तेव्हा तुला सांगितलं. तू काकड्या निवडत होतीस. म्हणालीस, "न शिजवता सार? शिजवायचा कटाळा आलाय तिला, दुसरं काय." आणि पुढच्याच गुरुवारी बाजारात तुझ्या पाठीमागे, दोन क्रेटच्या मध्ये, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ.

"काय गं हे?"

"तुझ्या त्या बाईचं. पण तिला काय येतंय? पाव घालती. पावानं गिळगिळीत व्हतंय."

पावाच्या जागी तू शिळी ज्वारीची भाकरी घातली होतीस, पाण्यात भिजवून हातानं कुस्करलेली. टोमॅटो अगदी पिकलेले, देठाशी चिरा पडलेले, जे गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं ते. किसणीवर किसायचे, म्हणजे साल हातात राहतं आणि गर खाली पडतो. काकडीचं टोक कापून त्याच टोकानं घासायचं, पांढरा फेस येईपर्यंत, मग ती किसायची. कांदा थोडाच, नाहीतर दुपारपर्यंत उग्र होतो. पुदिना, एक हिरवी मिरची, मीठ, सुपारीएवढा गूळ, भाजलेलं जिरं चुरून. सगळं सुती फडक्यातून गाळायचं, पण पिळून पिळून नाही. "पिळलं की कडू उतरतंय," असं तू म्हणायचीस. मग माठात.

आणि मग फोडणी. आपलं भांडण तिथेच.

मी म्हणायचे, अगं, हे कच्चं असतं, गार असतं, त्यात कडकडीत तेल कशाला? तू पळीत चमचाभर तेल तापवायचीस, मोहरी तडतडू द्यायचीस, कढीपत्ता, हिंग, आणि चर्र करून माठात. वर लगेच झाकण. मी एकदा तुझ्या हातातली पळी धरली होती. तू म्हणालीस, "बिनफोडणीचं सुतकात खात्यात. माझ्या घरात कोण मेलंय का?"

तीन उन्हाळे आपण हे भांडलो. मी तुला पुस्तकातली कारणं सांगितली, तू मला दर वेळी तेवढं एकच वाक्य ऐकवलंस.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, तुझा मुलगा, संतोषदादा, तुमच्या ओट्यावर बसला होता. दोन दिवस त्यानं काही खाल्लं नव्हतं. तुमची चूल बंद होती. आमच्या घरून डबे येत होते, आई खिचडी करायची, तीही नुसती उकडलेली, हळदीची. दादा म्हणाला, "वैशे, काहीतरी गार दे गं. गिळत न्हाई काय." मी घरी गेले, टोमॅटो किसले, काकडी किसली, भाकरी कुस्करली, गाळलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. फोडणीचा प्रश्नच नव्हता. दोन तासांनी त्याला नेऊन दिलं. तो अर्धा पेला प्यायला आणि थांबला.

"फोडणी न्हाई दिली?"

"सुतक आहे ना, दादा."

"हां. सुतक हाय."

उरलेलं त्यानं संपवलं. मीही थोडं घेतलं. तीन उन्हाळे मला जसं हवं होतं अगदी तसं झालं होतं. कच्च्या टोमॅटोचा वास येत होता आणि घशाखाली उतरताना त्याला काहीच चव नव्हती. तू म्हणायचीस ते बरोबर होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. फक्त मला ते प्यावंसं वाटलं नाही.

त्याच दिवशी पडवीत तुझा माठ पाहिला. भिंतीशी पालथा ठेवलेला. धड. कडेला टवकाही उडालेला नाही. तू आळ्याच्या बाजारातून आणलेला, वाजवून वाजवून. मी त्याच्याकडे पाहिलं आणि डबा घेऊन घरी गेले.

आता अवघड भाग लिहायला हवा.

बाजारतळावर काय परिस्थिती आहे ते तुला सांगायला नको, पण मला लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. व्यापाऱ्यांच्या गाळ्यांवर पत्रे आहेत. बायकांच्या ओळीवर आभाळ आहे. ताडपत्री बांधली तर रस्ता अडतो म्हणून काढायला लावतात. तुझ्याकडे एक काळी छत्री होती, ती तू कोथिंबिरीवर धरायचीस, कारण कोथिंबीर सुकली तर कुणी घेत नाही. तू सुकलीस तर चालत होतं. दहा ते तीन. डिंभ्याकडून जाळीची करवंदं घेऊन येणाऱ्या बायका एसटी वेळेवर आली तर सावलीच्या कडेची जागा पकडायच्या, नाहीतर त्याही तुमच्यातच. आणि बारा वाजले की तू माठाचं झाकण काढायचीस. आधी लांबून आलेल्यांना, मग म्हाताऱ्यांना, मग ओळीतल्या बाकीच्यांना. सगळ्यांत शेवटी तू. बऱ्याचदा तुझ्या वाटणीला माठाच्या तळचा गाळ यायचा. तो तू बोटानं चाटायचीस.

छपराच्या मागणीचं पहिलं पत्रक मी तुझ्या ओट्यावर बसून लिहिलं. तू वाचायला सांगितलंस, डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "निषेध चार येळा आलाय. मिठागत टाक." मी तीन निषेध खोडले. पत्रक खरंच बरं झालं. ग्रामसभेत बोलायला उठले म्हणून बाबा घरात आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते तेव्हा तू दारात उभी राहून त्यांना म्हणालीस, "दादा, तू कधी बोलला न्हाईस, म्हणून तिला बोलाय लागतंय." बाबांनी तुझ्याकडे पाहिलं आणि चपला घालून शेतात गेले. संध्याकाळी माझ्या ताटात त्यांनी स्वतः भाकरी वाढली. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. उपकार झाले, आत्या.

पण तुझ्या त्या माठावर माझा राग होता. तोही सांगते.

मी दोन उन्हाळे पत्रकं वाटली. बायका पत्रक घ्यायच्या, त्याच्यावर पेला ठेवायच्या, सार प्यायच्या, "लई गार वाटलं गं" म्हणायच्या आणि तीन वाजता गाठोडं बांधून घरी जायच्या. पंचायतीवर जायचं म्हटलं की पाच जणी उरायच्या. मला वाटायचं, ह्यांना जरा तापू दिलं पाहिजे. पंचायतीनं जे करायचं ते तू स्वतःच्या टोमॅटोंनी करतेस आणि पंचायत मजेत पंख्याखाली बसते. हे मी कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात ऐकलं होतं. मला ते फार पटलं होतं. अजूनही त्यातलं काही पटतं, म्हणूनच लिहिताना वाईट वाटतं.

त्या बुधवारी तू अंगणात टोमॅटो किसत बसली होतीस. दुसऱ्या दिवशी बाजार संपला की सगळ्या ओळीनं पंचायतीवर जायचं ठरलं होतं. ऊन उतरणीला लागलं होतं, तुझ्या कोपरापर्यंत लाल गर होता. मी म्हटलं, "आत्या, उद्या सार नको."

"का गं? निम्मी किसून झालीत."

"तू त्यांना गार करतेस. गार झाल्या की त्या घरी जातात."

तू किसणी खाली ठेवलीस. "म्हंजे तान्हेली बाई भांडती व्हय?"

"हो. भांडते."

"तान्हेली बाई पाणी मागती, वैशे. छप्पर न्हाई मागत."

"एक गुरुवार, आत्या. फक्त एक. तूच म्हणतेस ना, पोरगी शिकलीय, तिला कळतंय?"

हे मी मुद्दाम म्हटलं. तुला ते वाक्य लागणार हे मला माहीत होतं.  तू परातीवर झाकण घातलंस. "बरं," म्हणालीस. त्या टोमॅटोंची रात्री आमटी केलीस आणि वाटीभर आमच्याकडे पाठवलीस. मी भाताबरोबर खाल्ली. चांगली झाली होती.

गुरुवारी पावणेतीन वाजता तू काकडीचा वाटा लावता लावता पडलीस. मी तेव्हा आळेफाट्यावर झेरॉक्सच्या दुकानात होते. पत्रकं कमी पडतील म्हणून आणखी काढत होते. दुकानात एसी होता. दादाचा फोन आला तेव्हा मशीनमधून कागद बाहेर येत होते, गरम गरम, आणि मी ते सरळ करून गठ्ठ्यावर ठेवत होते. फोन ठेवल्यावरही चार-पाच कागद सरळ केले.

दवाखान्यात म्हणाले, हृदय बंद पडलं. आधीपासून त्रास असणार म्हणाले. कागदावर तेच लिहिलं. कागदावर ऊन नाही, बाजार नाही, दहा ते तीन नाही. मी डॉक्टरला विचारलं, दुपारी काही गार पोटात गेलं असतं तर? तो म्हणाला, असं सांगता येत नाही. सभ्य माणूस होता. तुझ्या वाटणीला गाळच यायचा, हे मी त्याला सांगितलं नाही. कदाचित त्या दिवशीही गाळच आला असता. कदाचित तेवढा पुरला असता. हे दोन्ही मी दिवसातून किती वेळा म्हणते ते मोजलेलं नाही.

मोर्चा निघाला नाही. मधल्या गुरुवारी मी बाजाराकडे फिरकले नाही.

आणि मग मी पत्रक लिहिलं. हो, लिहिलं. तुझ्या दहाव्याच्या आदल्या दिवशी. दुसरं काय करायचं ते सुचेना. वर मोठ्या अक्षरात तुझं नाव. "उन्हानं आमची बाई घेतली. आणखी किती जणींनी मरायचं?" फार जोरदार झालं होतं. निषेध एकच होता. तुझं नाव बघून पंचायतीला घाम फुटला असता. दादाला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं.

"ह्यात माठाचं न्हाई," तो म्हणाला.

"कुठल्या माठाचं?"

"पडवीत हाय त्या." तो माझ्याकडे बघत नव्हता. "आईनं मला सांगितलंय बुधवारी. वैशी म्हणती उद्या नको, म्हणून नको. मी तुला काय बोलत न्हाई. पण छापायचं तर समदं छाप."

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

आज दहाच्या सुमारास बाजारतळावर गेले ते तोच कागद घेऊन. बायकांना वाचून दाखवायचा, त्यांनी हो म्हटलं तर छापायचा. माठाचा भाग अजून घातला नव्हता. जागा मात्र सोडली होती, तीन ओळींची. तुला हसू येईल.

तुझी जागा रिकामी होती. दोन कोपऱ्यांवर दोन विटा ठेवल्या होत्या, म्हणजे कुणी बसू नये. शेजारी निमगाव सावाच्या शांताबाई, कांदे घेऊन, नेहमीसारख्या. तू त्यांना शांताक्का म्हणायचीस म्हणून मीही म्हणते. मला पाहून त्या उठल्या आणि मागून एक माठ काढला. नवा, लाल, गळ्याला सुतळी बांधलेला.

"घे. समद्यांनी मिळून आणलाय. सुतकात नवं मडकं दारात न्यायचं नसतंय, म्हणून तेरावा व्हऊ दिला."

"मला कशाला, शांताक्का?"

"तुझ्या आत्याचा फुटला न्हवं त्या दिशी."

"कोण म्हणालं?"

"तीच की. बारा वाजलं, आमी इचारलं, आज सार न्हाई व्हय गं? म्हणली, रिक्षातनं उतरवताना हातातनं सुटला. लई हसली बी. म्हणली, सार समदं गटारीनं प्यालं. पुढल्या गुरुवारी दुप्पट आणते म्हणली."

माझ्या हातात माठ होता. त्याला मातीचा कोरा वास होता. पलीकडून तीन-चार जणी बघत होत्या, काही हसत होत्या, तुझी ती गटारीची गोष्ट आठवून. तू इतकी बेमालूम खोटं बोलू शकतेस हे मला माहीत नव्हतं. आणि कुणासाठी बोललीस तेही कळलं. त्यांच्या तहानेवर मी काहीतरी बेतलंय, हे त्यांना कळू नये म्हणून.

मी म्हटलं, "माठ फुटला नव्हता."

शांताक्कांना आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. बुधवार, अंगण, किसलेले टोमॅटो, मी काय म्हणाले, तू काय म्हणालीस. पत्रकात लिहितात तसं नाही सांगितलं. वाक्यं तुटत होती. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, कांदा कसा दिला म्हणून विचारायला. शांताक्कांनी त्याला भाव सांगितला, त्यानं निवडून घेतले, त्यांनी तोलले, एक कांदा वर टाकला, त्याची पिशवी धरली. तोवर मी तशीच उभी. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "आमी भांडावं म्हणून?"

"हो."

"आगं, आमी येणारच व्हतो की. त्या दिशी समद्याजणी येणार व्हतो. सार पिऊन बी आलो असतो."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पिशवीतून कागद काढायला लागले, का ते माहीत नाही, हाताला तीच सवय आहे. त्यांनी बघितलं.

"काय हाय ते?"

"पत्रक. तिच्या नावाचं."

"ते ठेव आत. छप्पर आमाला पायजेच हाय, ते आमी मागू. तुझ्यासंगट मागू, न्हाईतर तुझ्याबगर मागू." मग त्यांनी पायानं एक वीट बाजूला सरकवली. "बस हितं. तीन वाजता ऊठ. मग काय लिवायचं ते लिव."

मी बसले. माठ समोर ठेवला. कुणी त्यात पाणी ओतलं नाही, मीही मागितलं नाही.

दोन वर्षं मी "भर उन्हात" असं लिहिते आहे, आत्या. मी कधी पंधरा मिनिटांच्या वर त्या ओळीत बसले नव्हते. पत्रक द्यायचं, पुढे सरकायचं. अकरापर्यंत काही वाटलं नाही. मग खालून तापायला लागलं. ऊन वरून लागतं असं मी समजत होते. गोणपाटातून, सलवारीतून मांड्यांना चटके बसतात. पाय बदलायचा तर दुसरीकडे तेच. गिऱ्हाईकं येऊन विचारत होती, आज काकडी नाही का, आणि मान वर करून उत्तर द्यायचं म्हटलं की डोळ्यांत पांढरं भरायचं. बाटलीतलं पाणी बाराला चहाइतकं गरम झालं. साडेबाराला माझ्या लक्षात आलं की ओळीतल्या सगळ्या गप्प झाल्या आहेत. एकमेकींशी बोलायचं त्या वेळी बंद होतं. तू माठाचं झाकण काढायचीस ते या वेळेला. तहान भागायची ती भागायची, पण पेला हातात आला की त्या पुन्हा बोलायला लागायच्या. सासवांची नक्कल, सुनांची तक्रार, छपराचं कधी होणार. मी दोन उन्हाळे तुमच्यासमोर उभी होते आणि मला फक्त पेला दिसला.

मला शेवटपर्यंत बसायचं होतं. खरंच बसायचं होतं. पण दीड वाजता उभी राहिले ती मळमळून, आणि कुणाचा तरी हात धरून गाळ्याच्या पत्र्याखाली गेले. व्यापाऱ्यानं स्टूल दिलं. तिथून ओळ दिसत होती. शांताक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी माठ स्वतःच्या कांद्यांमागे, सावलीत ओढून घेतला होता. आता पुढच्या गुरुवारी सार त्या करणार की कुणीच नाही, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पत्रक पिशवीत आहे. तुझं नाव त्यावरून काढून टाकणार आहे. माझं घालायचं का, ते ठरत नाही.

तू तीनपर्यंत बसायचीस. दर गुरुवारी, सगळा उन्हाळा, तळचा गाळ चाटून. दीडनंतर काय करायचीस गं, आत्या? कुठे बघायचीस? इतक्या गोष्टींवर तुझ्याशी भांडले, आणि हे एक विचारायचं राहिलं.